एकच 'होय'

त्या राज्यात अंडी खाणे हा गुन्हा होता, आणि तरीही घरटी रिकामी होत होती.

टिटवीने नदीच्या वाळूत तीनदा अंडी घातली. तिन्ही वेळा तिला नुसती टरफले सापडली. तिच्या शेजारी बिळात काटेरी साळू राहत असे, कंदमुळांवर जगणारी. टिटवीचा आक्रोश ऐकून तिलाही अन्न गोड लागेनासे झाले.

पहारे किती बसवायचे हे ठरवायचे, तर चोर किती हे कळायला हवे, असे म्हाताऱ्या कासवाचे मत पडले. त्याने मडक्यात वीस लाल गुंजा आणि वीस पांढरे खडे टाकले.

"एकेकानं दगडाआड जायचं आणि न बघता एक काढायचं," ते म्हणाले. "खडा आला तर अंडी खाल्ली की नाही ते खरं सांगा. गुंज आली तर, खाल्लेलं असो नसो, 'होय' म्हणा. निघालं ते कोणाला न दाखवता परत टाका. मग तुमच्या 'होय'चा अर्थ मलासुद्धा कळणार नाही."

उत्तर मात्र सर्वांसमोर द्यायचे होते. घोरपड "नाही" म्हणाली. उदमांजर "नाही" म्हणाले. पंचांचा मुखिया मुंगूस, तोही "नाही" म्हणाला. सशाने जन्मात अंडे चाखले नव्हते. त्याला गुंज आली. पण रांगेतले टवकारलेले कान पाहून तोही "नाही" म्हणाला.

साळूलाही गुंज आली. तिनेही ते कान पाहिले. पण टिटवीसाठी मोजणी खरी व्हायला हवी होती.

"होय," ती म्हणाली.

रांगेतल्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या.

"चाळीस जणांत वीसेक गुंजा तरी निघाल्या असतील," कासव शेवटी चाचरत म्हणाले. "मग 'होय' एकच कसं?"

"म्हणजे खरं एकटीच बोलली," मुंगूस म्हणाला. "चोर सापडला."

कासवाने तोंड उघडले, सभोवार पाहिले आणि मान कवचात ओढून घेतली.

टिटवी बिळापाशी आली. "साळूताई, तू खाल्लीस?"

"मला गुंज आली होती गं."

"दाखव."

गुंज केव्हाच मडक्यात परत गेली होती.

साळूच्या बिळाच्या तोंडावर पहारा बसला. सगळे पाळीपाळीने येत. बाहेर पावले वाजत, आणि आत साळूला स्वतःचेच "होय" पुन्हा पुन्हा ऐकू येई. कधी कधी तर तोंडात अंड्याची चव आल्यासारखे वाटे. ती चव कशी असते हेही तिला ठाऊक नव्हते.

टिटवीने चौथ्यांदा अंडी घातली. दोन दिवसांनी भरदुपारी तिची पहाऱ्याची पाळी आली. बिळातून तिला खोल गेलेला आवाज ऐकू आला.

"टिटवे, तू इथं आहेस, मग अंड्यांवर कोण आहे?"

टिटवीने मान वळवली. नुकतीच पाळी संपवलेला मुंगूस सावकाश वाळूकडे उतरत होता.