माहेरच्या आभाळातलं कडं

फार फार जुनी गोष्ट. आपल्या नव्हे, दूरच्या एका चंद्रावर माणसं राहत होती. त्यांच्या आभाळात एक भलामोठा ग्रह होता आणि त्या ग्रहाभोवती रुपेरी कडं. ते ना उगवे, ना मावळे. ज्या गावाला डोक्यावर दिसे, त्याला जन्मभर डोक्यावरच दिसे.

अशाच एका गावातली मुलगी लग्न होऊन दूर निघाली. बापाचा जीव कासावीस झाला. तो म्हणाला, "पोरी, आठवण आली की वर बघ. कडं डोक्यावर आहे तोवर तुझा बाप सुखरूप आहे, असं समज." आता कड्याचा आणि बापाच्या जिवाचा काय संबंध, असं शहाण्यांनी विचारू नये. लेकीला निरोप देताना बापाला जे सुचेल ते तो बोलतो.

तिकडची रीत अशी, की नवरीला पडदे लावलेल्या मेण्यातून न्यायचं. मुलगी सासरी उतरली, तिनं वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं!

नव्या सुनेनं अशुभ बोलावं कसं? पण तिला घास उतरेना. पोर वाळत चालली. शेजारणी म्हणाल्या, "नखरे आहेत नुसते!"

"नखरे करणारी पोटभर जेवते," सासू म्हणाली. तिनं सुनेला जवळ घेतलं. "बाळ, तू रोज वर काय शोधतेस गं?"

सुनेचा बांध फुटला. "आई, कडं डोक्यावर आहे तोवर मी सुखरूप, असं बाबा म्हणाले होते. इथं कडं नाही दिसत. माझे बाबा गेले!"

सासू चपापली. या गावाला कडं डोंगराआड होतं. ते कुणाच्या डोक्यावर असेल, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिनं भाकरी बांधून घेतली आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

खिंड चढताच डोंगरामागून कड्याची किनार वर आली. सून धावू लागली. दोघी जसजशा पुढं गेल्या तसतसं कडं वर सरकलं. आधी झाडाइतकं, मग झाडाच्या कितीतरी वर.

सासू दमून धोंड्यावर टेकली. "ते कुठं गेलं नव्हतं गं. तू लांब आलीस, आणि आम्ही पडदे लावले. जा, डोक्यावर येईल तिथवर जा. मी बसते इथं."

"तुमच्याशिवाय नाही जाणार," सून म्हणाली. तिनं सासूचे पाय चेपले, भाकरी मोडून दोघींनी खाल्ली आणि मुक्काम करत करत त्या पुढं गेल्या.

कडं बरोबर डोक्यावर आलं तेव्हा समोर माहेर होतं. अंगणात बाप धडधाकट उभा होता. तोही वरच बघत होता.

परतताना कडं पुन्हा उतरत गेलं. सून ते बघत आली, म्हणून तिला भीती वाटली नाही. घरी पोचल्यावर सासूनं आधी मेण्याचे पडदे फाडून टाकले. तेव्हापासून त्या गावात नवरी उघड्या मेण्यातून, मागं वळून बघत येते.

तात्पर्य : नजरेआड झालेलं सगळंच हरवलेलं नसतं, आधी आपण किती लांब आलो, ते पाहावं.