ठकूआईचा झिरा

फार वर्षं लोटली या गोष्टीला. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांची नातवंडंसुद्धा म्हातारी होऊन मातीआड गेली. पण वाळकी नदीच्या काठी चिंचखेडला जा आणि कोणालाही विचारा, ठकूआई कोण होती? तो हातातलं काम बाजूला ठेवील, आधी नदीच्या वळणाकडे बोट दाखवील आणि मग सांगायला बसेल.

ठकूआई खालच्या वस्तीतली. घरात दोर वळायचा धंदा. घायपात पाण्यात कुजत घालायचं, झोडून त्याचा वाख काढायचा आणि त्याचे नाडे, कासरे वळून गावाला पुरवायचे. तिचा नवरा तरणाच गेला. त्याला वस्तीच्या कडेला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दोर वळायला बसली, कारण पदरात एक लेकरू होतं. त्याचं नाव लहानू.

लहानू मोठा झाला. दोर विकायला तालुक्याच्या बाजाराला जाऊ लागला. तिथे एक म्हातारा पाळक पिंपळाखाली उभा राहून येशूची गोष्ट सांगायचा. लहानू आधी सावलीसाठी थांबला, मग गोष्टीसाठी थांबला, आणि एका बाजाराला परत आला तो ओल्या कपड्यांनीच. म्हणाला, “माय, मी बाप्तिस्मा घेतला. आता माझं नाव लाजर.”

ठकूआईने त्याच्याकडे पाहिलं. “नाव बदललं म्हणून भूक बदलली नसंल ना? बस जेवायला, लहानू.”

शेवटपर्यंत तिने त्याला लहानूच म्हटलं, असं म्हणतात.

लाजर वस्तीचा उपदेशक झाला. वस्तीच्या खाली नदी वळते, त्या वळणात तेव्हा खोल डोह होता. वर्षामागून वर्षं माणसं त्या डोहात उतरली आणि लाजरने त्यांना छातीभर पाण्यात उभं करून पुरतं खाली नेलं आणि वर उठवलं. तो सांगायचा, “हे पाणी म्हणजे कबर आहे. जुना माणूस हिच्यात पुरायचा आणि नवा उठवायचा. नुसतं ओलं होणं वेगळं आणि पुरलं जाणं वेगळं.”

नदीच्या पलीकडे ख्रिस्ती लोकांची दुसरी मंडळी होती. तिचे पाळक फिलेमोन मास्तर. ते कटोऱ्यातलं पाणी कपाळावर शिंपडून बाप्तिस्मा द्यायचे, आणि तान्ह्या लेकरांनाही द्यायचे. लाजर म्हणायचा, “ज्या लेकराला अजून मान धरता येत नाही ते विश्वास कसा धरणार?” मास्तर म्हणायचे, “देवानं आधी धरलंय त्याला. त्यानं धरायचं ते पुढे धरील.” यावरून दोन्ही मंडळ्या तुटल्या. एकाच प्रभूच्या नावाने जमायचे, पण एकमेकांच्या भाकरीला हात लावायचे नाहीत. नदी उन्हाळ्यात घोट्याइतकी असायची, तरी ती ओलांडणं सोपं राहिलं नाही.

या सगळ्यात ठकूआईने बाप्तिस्मा घेतला नव्हता. दर रविवारी ती उपासनेच्या छपराबाहेर वाख घेऊन बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “ऐकतीय की. पाण्यात जायचं झालं तर सांगीन.” लाजर आत उपदेश करायचा आणि त्याचा अर्धा जीव बाहेर त्या वळणाऱ्या हातांकडे लागलेला असायचा. आज सांगेल, उद्या सांगेल, करता करता तिचे केस पांढरे झाले.

मग दुष्काळ पडला. पाऊस एक वर्ष रुसला, दुसऱ्या वर्षीही आला नाही. विहिरींचे तळ दिसले. गुरं छावणीच्या वाटेवरच बसली. आणि जो डोह कधी आटला नव्हता, तो आटला. त्याच्या तळाला आधी चिखल राहिला, मग भेगा, मग वाऱ्याने त्याच्यावर वाळू आणून टाकली.

त्याच उन्हाळ्यात ठकूआईने अंथरूण धरलं. पोटात काही ठरेना. अंग वाळत चाललं. एके सकाळी तिने लाजरला जवळ बोलावलं.

“लहानू, मला पाण्यात ने.”

लाजरला आनंद व्हायला हवा होता. पण त्याची नजर आटलेल्या डोहाकडे गेली.

“माय, डोह आटलाय.”

“मग दुसरं पाणी बघ.”

“पाऊस पडंपर्यंत कळ काढ. डोह भरला की…”

“तुझ्या बापाला पुरला,” ठकूआई म्हणाली, “तो पुरला तो पुरलाच. मलाही पुरशील. पण तूच सांगतोस ना, आधी एकदा पुरून उठवतात म्हणून? तेवढं मला पायजे. एकदा उठले की पुढं काय व्हायचं ते हू दे.”

एवढं बोलून तिला धाप लागली. लाजर तिच्या छातीकडे बघत राहिला. ती वर होई, खाली जाई, आणि मध्येच थोडी थांबे. बाप्तिस्मा न घेता मेलेला माणूस देवाला मुकतो, असं तो कधी बोलला नव्हता. पण इतकी वर्षं त्याने डोहाभोवती अशी घट्ट रेघ ओढली होती, की आता आई रेघेबाहेर होती आणि ती पुसायचं बळ त्याच्यात नव्हतं.

ही बातमी पलीकडे गेली. फिलेमोन मास्तर कोरडी नदी ओलांडून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते या काठावर आले होते. हातात तांब्या होता आणि त्यात अर्धं पाणी. त्यांच्या घरचं त्या दिवसाचं प्यायचं पाणी होतं ते.

“लाजरभाऊ, एवढं पुरे आहे,” ते म्हणाले. “माउलीला खोळंबून ठेवू नका.”

“मास्तर, हे मी कसं घेऊ? ज्यांना मी डोहात नेलं त्यांना काय सांगू? आईसाठी वेगळा नियम केला म्हणून?”

“येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला शेवटच्या घटकेला स्वर्ग मिळाला, त्याला कोणी कुठल्या डोहात नेलं होतं?”

“त्याच्याजवळ प्रभू स्वतः होता.”

“आणि इथं नाही?”

लाजरची बायको रिबका सासूच्या उशाशी बसून तिचे ओठ ओल्या फडक्याने टिपत होती. ती मान वर न करता म्हणाली, “तुमचं दोघांचं ठरंस्तोवर त्या थांबतील का?”

तेव्हा लाजरने फावडं उचललं आणि तो नदीत उतरला.

जिथे डोहाचं पोट होतं तिथे त्याने झिरा उकरायला सुरुवात केली. वाळूत खड्डा घ्यायचा आणि खालचं पाणी पाझरून वर यायची वाट बघायची, त्याला झिरा म्हणतात. वरची वाळू तापलेली, पाय ठरत नव्हते. कडा ढासळायच्या, तो पुन्हा उपसायचा. वस्तीतले बापे येऊन हात लावायला लागले. खड्डा कमरेइतका झाला, छातीइतका झाला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे वाळूचा रंग बदलला. लाजर गुडघ्यांवर बसून हातांनीच उकरायला लागला, नखं मोडली तरी थांबला नाही. अखेर तळाशी तळहातभर पाणी आलं.

आणि ओल्या वाळूचा वास गावात गेला, असं म्हणतात.

आधी वस्तीतल्या बाया आल्या घागरी घेऊन. मग गावातल्याही आल्या. त्या काळी पाण्यालाही वाटण्या होत्या. वरच्या अंगाचं पाणी गावाचं, खालच्या अंगाचं खालच्या वस्तीचं. गावातल्या बाईने वस्तीच्या झिऱ्यावर यावं, हे कोणी पाहिलं नव्हतं. पण त्या आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या मागे पाटलांची सून होती. कडेवर तान्हं मूल होतं. रडायचंही विसरलं होतं ते.

लाजर खड्ड्यापुढे आडवा उभा राहिला. “हे पाणी आईसाठी आहे,” तो म्हणाला. “ते साठायला पाहिजे. माझी आई जातीय.”

कोणी परत गेलं नाही.

तेवढ्यात वस्तीतल्यांनी ठकूआईला बाजेवर घालून खाली आणलं. तिने मान वळवून त्या बायांकडे पाहिलं, मग पाटलांच्या सुनेच्या कडेवर पाहिलं.

“लहानू, बाजूला हो. भरू दे त्यांना.”

“माय, मग तुला काय राहील?”

“मला किती लागतंय आता? त्या लेकराचं तोंड बघ.”

लाजर बाजूला झाला. तो खड्ड्यात उतरला, करवंटीने पाणी घेऊन घागरी भरू लागला. पहिली घागर त्याने पाटलांच्या सुनेची भरली. तिने ती घेतली आणि तिथेच मुलाच्या तोंडात पाण्याची बोटं घातली. एक करवंटी काढायची, पाणी पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचं, तेवढ्यात मान वर करून आईची छाती हलते का बघायचं. घागरींची रांग संपेना. ऊन कललं. रिबका दर थोड्या वेळाने हाताने खूण करी, आहेत अजून, आहेत. लाजरच्या मनात येई, ही शेवटची घागर भरेपर्यंत ती गेली तर? मी पाणी वाटत होतो आणि आई कोरडीच गेली, हे मी कसं वागवू? पण त्याचे हात थांबले नाहीत.

शेवटची बाई गेली तेव्हा झिऱ्यात नुसता चिखल उरला होता.

तो तसाच वर आला, आईला उचललं आणि खाली घेऊन गेला. ती वाखाच्या पेंडीपेक्षाही हलकी लागली. त्याने तिला त्या ओल्या वाळूत आडवं ठेवलं.

“माय, प्रभू येशूवर तुझा विश्वास आहे का?”

“आहे. हात कापू देऊ नको.”

लाजरने ओंजळीने ओली वाळू तिच्या पायांवर घातली, पोटावर घातली, छातीवर घातली. तोंडाशी आल्यावर त्याचे हात अडले.

“पुरायचं तर पुरतं पूर,” ठकूआई म्हणाली.

त्याने वर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर फिलेमोन मास्तर उभे होते. त्यांनी तांब्या तसाच जपून ठेवला होता. लाजर बाजूला सरकला. मास्तर खाली उतरले आणि गुडघ्यांवर बसले. लाजरने पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि मास्तरांनी ते पाणी तिच्या कपाळावरून असं सोडलं, की क्षणभर सगळा चेहरा पाण्याखाली गेला.

ठकूआईचे डोळे मिटले आणि छाती थांबली.

लाजरने तिच्या खांद्यांखाली हात घातले होते, पण त्याला ते उचलवेनात. आपण हिला पुरलं, एवढंच त्याच्या मनात राहिलं. काठावर कोणी हलत नव्हतं. तो वेळ केवढा होता ते सांगता येत नाही. जुनी माणसं म्हणत, की नदीवरचा वारासुद्धा तेव्हा पडला होता. मग ठकूआईने एकदम मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा, आणि ती आपली आपण उठून बसली. अंगावरची वाळू खाली घसरली.

“झालं?” तिने विचारलं.

लाजरने तिला कवेत घेतलं, आणि तेव्हा त्याला पायांना गार लागलं. जिथे तिची पाठ टेकली होती तिथे माणसाच्या आकाराचा खळगा पडला होता, आणि तो खळगा भरत होता. आधी डोक्याची जागा भरली, मग पाठीची, मग पायांची. तो तिला घेऊन वर चढेपर्यंत पाणी कमरेला लागलं, असं म्हणतात. संध्याकाळी ते छातीभर झालं. स्वच्छ, गोड पाणी होतं. चिंचखेडने आणि पलीकडच्या काठाने तो सगळा दुष्काळ त्याच्यावर काढला. तिथे पाण्याच्या वाटण्या कोणी केल्या नाहीत. करायला कोणाला तोंड राहिलं नव्हतं.

ठकूआई त्यानंतर थोडे दिवस जगली. रोज एक वाटी ते पाणी प्यायची. मग एका सकाळी ती शांतपणे गेली. लाजरने तिला नवऱ्याच्या शेजारी पुरलं.

पुढे मंडळीचे वडील लोक लाजरकडे आले आणि त्यांनी विचारलं, “तो बाप्तिस्मा बुडवून झाला की शिंपडून? नोंदीत काय लिहायचं?”

“मला ठाऊक नाही,” लाजर म्हणाला. “माझ्या हातांनी ती खाली गेली, एवढं मला ठाऊक आहे. पण वर आली ती माझ्या हातांनी नाही.”

वडील लोकांचं त्याने समाधान झालं नाही. लाजरचंही पुरतं झालं नाही. आपण चुकलो तर नाही, हा घोर त्याने जन्मभर वाहिला. पुढेही तो डोहातच बाप्तिस्मा देत राहिला आणि मास्तर कटोऱ्यातून देत राहिले. वादही घालत राहिले, म्हातारपणी तर जास्तच. फक्त आता वाद झाला की ते एका ताटात जेवायचे.

हल्ली नदीवर बंधारा आहे. अलीकडच्या देवळात बाप्तिस्म्याचा हौद आहे, पलीकडच्या देवळात संगमरवरी कटोरा आहे. तरी कोणाचाही बाप्तिस्मा असला की दोन्ही मंडळ्या सकाळी ठकूआईच्या झिऱ्यावर येतात. ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा तो स्वतःच्या हातांनी वाळू उकरतो, आणि तान्हं लेकरू असलं तर त्याची आई उकरते. पाणी आलं की ते आधी घागरी घेऊन आलेल्यांना देतात. तू कोण, कुठल्या आळीचा, हे विचारायचं नाही असा रिवाज आहे. मग जे उरेल त्यात बाप्तिस्मा होतो. कमरभर उरलं तर कमरभर पाण्यात, ओंजळभर उरलं तर ओंजळीने.

वैशाखात कधी कधी पाणी फार सावकाश येतं. घरची माणसं ताटकळतात, लेकरं कुरकुरतात, ऊन वाढत जातं. पाळक खड्ड्यात उभा असतो. पाणी पुरेल की नाही याची धास्ती त्याच्या तोंडावर दिसते. तरी पहिला शब्द उच्चारण्याआधी तो मान वर करून गावाच्या वाटेकडे बघतो, आणि कोणी घागर घेऊन येताना दिसलं, की पुन्हा थांबतो.