गारगोटीचं पीठ

“मन स्फटिकासारखं कसं होईल, बुवा?”

अच्युतबुवा मठाच्या ओसरीवर एका आजारी माणसाच्या उशाशी बसले होते. त्यांनी वर पाहिलं. समोर जनार्दन तिरोडकर उभे होते. डोंगराच्या पायथ्याशी गारगोटी दळायचा कारखाना आहे, तो यांचा.

“स्फटिक कसा असतो, हे तुम्हीच सांगा. मला काय कळतं त्यातलं?”

तिरोडकर खुलले. “आमची गारगोटी स्फटिकाचीच जात, बुवा. तिनं काचेवर ओरखडा उठतो, काचेनं तिच्यावर नाही. तिचं पीठ वितळवलं की काच होते. स्फटिकाची बारीकशी चकती घड्याळात बसवा, सेकंद चुकणार नाही. तेजाबात टाका, विरघळणार नाही.”

“तेजाबात विरघळत नाही?”

“नाही.”

“आणि माणसाच्या छातीत?”



आजारी माणसानं डोळे उघडले. त्याला आडवं होता येत नव्हतं. वळकटीला टेकून तो बसल्या बसल्याच झोपायचा.

“मालकानू... कधी इलात?”

तेव्हा कुठे तिरोडकरांनी त्याला ओळखलं. भिवा. अकरा वर्षं त्यांच्या चक्कीवर होता.

“हा माझा शिष्य,” बुवा म्हणाले. “मठात बसून खातो म्हणून मीच त्याला तुमच्याकडे पाठवला. तुम्ही त्याच दिवशी कामावर घेतलात. मी तुम्हाला आशीर्वाद दिला होता.”

“तोंडाला फडकं बांधा म्हणून मी सगळ्यांना सांगायचो, बुवा.”

“बांधायचा. परत आला की इथं पायरीवर झटकायचा. पायरी पांढरी व्हायची.”

...

तिरोडकरांनी हात जोडले. “मला काही साधना द्या. रोज तासभर प्राणायाम करतो. तरी शांती नाही.”

“बसा मग इथं. भिवा श्वास घेतो तसा घ्या. त्याच्याइतकाच. जास्त नको.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिरोडकर मांडी घालून, पाठ ताठ करून बसले.

भिवाचा श्वास अर्धा आत जाई, अडके, शीळ घातल्यासारखा बाहेर येई. तिरोडकरांनीही तसाच घेतला. अर्धा. पुन्हा अर्धा. दहा झाले, पंधरा झाले. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. कानात घुमायला लागलं...

आणि एकदम तोंड उघडून त्यांनी छातीभर श्वास ओढला.

भिवा त्यांच्याकडे बघत होता. नजर हटवत नव्हता.

“नाही जमत, बुवा.”

बुवा भिवाची पाठ चोळत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“त्यालाही नाही जमत.”