नजर पोहोचेल तिथवर

अ‍ॅटलासच्या डोंगरातल्या बर्बर जमातीच्या एका गावी सुलतानाचा सुभेदार एका दिवसाच्या सहलीला आला. चढण चढलं खेचर, धापा मात्र सुभेदाराने टाकल्या. म्हाताऱ्या इत्तोने त्याला आपल्या मातीच्या घराच्या धाब्यावर बसवलं आणि गरम रोटी, मध नि पुदिन्याचा चहा दिला.

तिसरा पेला रिचवून सुभेदाराने खालची अक्रोडाची झाडं पाहिली, पलीकडचं हिरवंगार कुरण पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "जागा झकास आहे. इथून माझी नजर पोहोचते तिथवरचं सगळं आजपासून माझं."

गावकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुरण गेलं तर शेळ्या जगवायच्या कशावर? इत्तोने मात्र शांतपणे किटली खाली ठेवली.

"सरकार, तिकडे सपाटीवर हिरव्या कौलांची हवेली दिसते, ती कुणाची?"

"माझीच," सुभेदार फुगून म्हणाला.

"चाळीस वर्षं या धाब्यावरून आमची नजर रोज तिथवर पोहोचतेय. मग आम्ही राहायला कधी येऊ?"

सुभेदाराबरोबर आलेला एक शिपाई फिस्सकन हसला. "कुरण तुमचंच," सुभेदार पुटपुटला आणि त्याने खेचर मागवलं.

इत्तोचा जीव भांड्यात पडला. सुभेदार मात्र खाली मान घालून डोंगर उतरला. आजूबाजूला बघायची त्याला हिंमतच होईना.