आवळ्याने गोड झालेली तळी

खाडीच्या कडेला मातीचा एक जुना बांध होता. बांधाच्या बाहेर खारं पाणी, आत गोड्या पाण्याची तळी. तळीच्या काठी एक म्हातारं साळिंदर राहत असे. त्याच्या बिळाचं तोंड बांधाच्या पायथ्याशी दिसायचं, पण बीळ आत कुठवर गेलंय हे त्याचं त्यालाच ठाऊक. स्वभावाने महा तिरसट. कुणी "काय आजोबा, बरं आहे ना?" म्हटलं, की काटे खडखडवून म्हणायचं, "तुला काय करायचंय?" मागचा एक पाय अधू होता. पण तळी दहा पावलांवर, म्हणून त्याचं निभत होतं.

एका वर्षी पावसाळा संपला, पहाटे दव पडायला लागलं, आणि आता काही होत नाही असं सगळे म्हणत असतानाच वादळ आलं. तीन दिवस वरून पाऊस आणि समोरून समुद्र. तिसऱ्या दिवशी दुपारी भरतीचं पाणी बांधाच्या डोक्यावरून आत आलं आणि बांधाला खांड पडली, बैलगाडी आरपार जाईल एवढी. ससे, मुंगसं, भेकरं मागच्या टेकाडावर चढली. साळिंदर खुरडत खुरडत सगळ्यांच्या शेवटी पोचलं.

पाणी उतरल्यावर सगळे खाली आले. बिळांत चिखल, झुडपांवर समुद्राची घाण, ओळखीचं एकही झाड जागेवर नाही. पण जीव वाचले होते.

"बांध फुटला कसा?" सशिणीने विचारलं. तिची दोन पिल्लं तिच्या पोटाखाली कुडकुडत होती.

साळिंदर दुसरीकडे बघत म्हणालं, "कसा म्हणजे? बांधात राहते ना, त्या खेकडीने पोखरला. सगळ्या बांधाला भोकं आहेत तिची."

रागावलेल्यांना एक नाव लागतं, ते मिळालं. मुंगसाने माती उकरून खेकडीला बाहेर ओढली. ती नांगी उगारून भांडली नाही. "जाते मी," एवढंच म्हणाली. "मला खारं पाणीही चालतं. तुमचं तुम्ही बघा." आणि तिरकी तिरकी चालत खाडीतल्या तिवरांच्या झाडीत निघून गेली.

दोन दिवसांनी डोंगरावरून वानरं मदतीला आली. वानरं वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पोरं लगेच त्यांना वाईट ठरवाल. दिवसभराची वाट तुडवून ती आली, येताना पेरू, उंबरं आणि ढीगभर आवळे घेऊन आली. पिल्लांना आधी खायला दिलं, मग मोठ्यांना. चिखलात रुतलेलं भेकराचं पाडस त्यांनी ओढून काढलं. त्यांचा म्होरक्या हुप्प्या कामाला वाघ होता. खांड बघितली आणि म्हणाला, "हे आधी बुजवू. उद्या संध्याकाळपर्यंत बांध उभा करतो की नाही बघा."

"पण आत खारं पाणी शिरलंय," सशीण म्हणाली.

हुप्प्या सकाळपासून आवळे खात होता. वानरांचं ते आवडतं खाणं, त्यांचे गाल कायम भरलेले. तो तळीवर वाकला, दोन घोट प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "खारं कुठलं? चांगलं गोड लागतंय की." बाकीची वानरंही प्यायली. त्यांच्याही गालात आवळेच. सगळ्यांना गोड लागलं.

आवळा खाऊन पाणी प्यायलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर पाणी गोडच असतं, त्यामुळे त्यांना कधी शंका यायचं कारणच पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांध उभा राहिला. दगड, माती, वर पाल्याचा थर. काम नंबर एक. समुद्र बाहेर अडला, आणि आत शिरलेला समुद्र आतच अडला.

रात्रीतून पिल्लांना उलट्या झाल्या. सकाळी साळिंदर तळीवर गेलं, एक घोट घेतला आणि थुंकलं.

"मीठ आहे हे," ते म्हणालं.

हुप्प्या हसला. "आजोबा, म्हातारपणी जिभेचं असंच होतं."

"आणि पिल्लांच्या जिभेचं काय? तीही म्हातारी झाली का?"

हुप्प्या डोकं खाजवत म्हणाला, "मग असं करू, सगळ्यांना डोंगरावर घेऊन जाऊ. तिथे झरे आहेत. दिवसभराची तर वाट आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी साळिंदराच्या पायाकडे बघितलं नाही. दिवसभराची वाट त्याला या जन्मात जमणार नव्हती. पाऊस आता आठ महिन्यांनी. सगळे जाणार आणि आपण या खारट डबक्याशी एकटं मरणार, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. मलाही घेऊन चला, असं म्हणायची त्याला आयुष्यात सवय नव्हती. ते उठलं आणि खाडीकडे चालायला लागलं.

तिवराच्या मुळाशी खेकडी डोळे वर काढून बसली होती.

"कोण? साळिंदरबुवा?" ती म्हणाली. "चुकून आलात की आणखी काही फुटलंय?"

"तळी खारट झालीय."

"ते मला पाण्याच्या वासावरून कळलं. त्या शेपटीवाल्यांनी मीठ आत ठेवून दार लावलं."

"काही उपाय आहे?"

"आहे." खेकडी नांगीने चिखल सारखा करत राहिली. "पण मी कशाला सांगू? आणि सांगितलं तर ऐकणार कोण? बांध फोडणारी ना मी?"

साळिंदर दुसरीकडे बघायला लागलं.

"माझं बीळ बोटाएवढं," खेकडी म्हणाली. "खांड केवढी पडली? आणि पडली कुठे, ते बघितलंस ना? बांधाच्या पोटात आरपार खोली कुणी खणली होती, बुवा? थंडीत ऊब लागते म्हणून दरवर्षी दोन हात आत कोण सरकत होतं? मी शेजारीण आहे. मला रात्रभर खरखर ऐकू यायची."

साळिंदराचे काटे आपोआप फुलले आणि तसेच हळूहळू खाली बसले. हे त्याला वादळाच्या दिवशीच कळलं होतं. म्हणून तर त्याने सगळ्यांत आधी तोंड उघडलं होतं.

"मी सांगते उपाय," खेकडी म्हणाली. "पण आधी तू सांगायचं. सगळ्यांसमोर. नाहीतर माझ्या शब्दावर तो हुप्प्या एक दगडसुद्धा हलवणार नाही."

येताना साळिंदराने खेकडीला पाठीवर घेतलं, काट्यांच्या मधे, जिथे त्याने आजवर माशी बसू दिली नव्हती. तळीवर सगळ्यांची डोंगराकडे निघायची तयारी चालली होती. सशिणीने एका पिल्लाला मानेला धरून उचललं होतं.

"थांबा," साळिंदर म्हणालं. "बांध खेकडीने फोडला नाही. माझ्या बिळाने फुटला. मला माहीत होतं आणि मी तिचं नाव घेतलं."

मुंगूस पायाने माती उकरत बसलं. सशिणीने पिल्लू खाली ठेवलं आणि म्हणाली, "इतके दिवस सांगायला काय झालं होतं, आजोबा?"

"लाज वाटली," साळिंदर म्हणालं. "आता हिचं ऐका."

खेकडीने पाठीवरूनच सांगितलं. "चार दिवसांनी अमावास्या. त्या दिवशी भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटी खाली जाते, पार तिवरांच्या पलीकडे. दुपारी पाणी फिरलं की तुम्ही बांधलेली खांड मोकळी करायची. तळी खाडीत रिकामी होईल. दिवस बुडायच्या आत खांड परत बुजवायची, कारण त्यानंतर समुद्र परत निघतो. मग तळीच्या तळाशी झरा आहे, आत्ता त्याचं पाणी मिठात मिसळतंय, तो तळी परत गोडी भरेल. एकदा नाही भागलं तर पौर्णिमेला पुन्हा."

"मी बांधलेला बांध मीच मोडायचा?" हुप्प्या म्हणाला.

"हो."

हुप्प्याने गालातला आवळा बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि झुडपात फेकला. मग पानांवर साचलेल्या दवाने तोंड धुतलं, जरा वेळ बसला आणि तळीतला एक घोट घेतला. त्याचं तोंड इतकं वाकडं झालं, की आजारी पिल्लंही हसली. "मोडतो," तो म्हणाला.

चार दिवस सगळ्यांनी पेरू चोखून काढले. वानरांनी आणलेलं ते खाणं असं उपयोगी पडलं. अमावास्येला खेकडी खाडीच्या तोंडाशी जाऊन बसली. पाणी फिरलं तशी तिने नांगी वर केली. वानरांनी रांग लावून हातोहात दगड काढले. मुंगसांनी माती ओढली, साळिंदराने उरलेली दरड खणून दिली, खणण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. खारं पाणी घरंगळत बाहेर गेलं. तळाशी गाळ तेवढा उरला. दिवस मावळायला आला तशी खेकडीने पुन्हा नांगी वर केली, आणि त्याच रांगेने तेच दगड उलट दिशेने जागेवर बसले. पौर्णिमेला हे पुन्हा केलं. वानरं तोवर थांबली.

मग एके सकाळी साळिंदर तळीवर गेलं. सगळे बघत उभे होते. ते प्यायलं. परत प्यायलं.

"कसं आहे, आजोबा?" सशिणीने विचारलं.

"तुला काय करायचंय?" साळिंदर म्हणालं. "पी ना."

त्या थंडीत साळिंदराने टेकाडाच्या उतारावर नवं बीळ खणलं, बांधापासून चांगलं लांब. तळीवर यायला आता त्याला साठ पावलं पडत, आणि ते रोज कुरकुर करत ती चाले. खेकडी बांधात परत आली. ती आपलं बोटाएवढं बीळ करत होती तेव्हा साळिंदर शेजारी येऊन बसलं, आणि तिचं होईपर्यंत बसून राहिलं.

तात्पर्य : आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली, की उपाय जाणणाऱ्याचंही कुणी ऐकत नाही, म्हणून फुटलेला बांध उभा करायच्या आधी आपली चूक बोलून मोकळं व्हावं, आणि मदतीला जाणाऱ्याने आधी आपलं तोंड धुवावं.