कानात सांगणारा हैबती

फार वर्षांपूर्वी खडकोशी गावात हैबती नावाचा एक दवंडीवाला राहत होता. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका, मोजणारे कधीच गेले. डफ वाजवायचा आणि पाटलाचा हुकूम गावाला ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. आवाज असा की त्याने चावडीपुढे "ऐका हो ऐका" म्हटलं की डोंगरापलीकडची गुरं मान वळवून बघत आणि तव्यावरच्या भाकऱ्या आपोआप उलटत, असं म्हणतात. घरातही तो त्याच आवाजात मीठ मागायचा. त्याची बायको ठकूबाई त्याला वाढायला बसताना कानात कापसाचे बोळे घालून बसायची.

एकदा घाटावरच्या बंगल्यातली गोरी मडम गाडीतून खाली चालली होती. ओढ्यात गाडीचं चाक निखळलं, गाडी कलंडली, आणि तिचा लाडका ससा पेटीतून निसटला. साधासुधा ससा नव्हे तो. सातासमुद्रापलीकडचा, ओंजळीत मावेल एवढा, कापसासारखा पांढरा, आणि डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कडा. मडम रडत रडत चावडीवर आली. पाटलाने हैबतीला बोलावलं, दवंडी पीट म्हणाला. हैबतीने कोपऱ्यात उताणा पडलेला डफ उचलायला हात घातला, तर ससा त्यातच बसलेला!

"घावला!" हैबती आनंदाने ओरडला.

ससा जागच्या जागी आडवा झाला. मडमेला वाटलं, संपला. तिने डोळे पुसले, याला नीट पुरा म्हणून खुणेनं सांगितलं आणि ती निघून गेली.

हैबतीने परसात खड्डा खणला. आपल्या आवाजाने एक जीव गेला, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हळू शब्द आला. "चुकलं रं लेकरा," तो सशाच्या कानाशी पुटपुटला. सशाने एक डोळा उघडला, हैबतीकडे नीट पाहून घेतलं आणि त्याच्या बोटाला कडकडून चावला.

त्या दिवसापासून ससा हैबतीचा झाला. खरं तर हैबती सशाचा झाला. सशाचं नाव पडलं सरदार, कारण अंगात पावशेर मांस आणि ऐट मात्र पाचही हत्यारं बांधल्याची. रागावला की मागचे पाय डफावर आपटायचा. मांजर दिसलं की पुढच्या पायांनी थोबाडीत द्यायचा. कोवळा हरभरा आणि दूर्वा खायचा, त्याही दव सुकल्यावर आणि हैबतीच्याच हातून. जीव मात्र भारी नाजूक. भांडं पडलं तरी आडवा व्हायचा. हैबतीने ताडकन शिंक दिली तेव्हा तर अर्धा दिवस उठला नाही.

मग हैबती काय करणार? तो हळू बोलायला लागला. ठकूबाईने कानातले बोळे काढून चुलीत घातले. दवंडी आली की हैबती सरदाराला मुंडाशात बसवून दारोदार फिरायचा, उंबऱ्यावर तीनदा पाय आपटायचा आणि ज्याच्या त्याच्या कानात हुकूम सांगायचा. गंमत अशी की पूर्वी दवंडी सगळ्यांना ऐकू यायची आणि कुणीच लक्ष द्यायचं नाही. आता प्रत्येकाला वाटे, हे फक्त मलाच सांगितलंय. पाट दुरुस्तीला एरवी चार माणसं जमत, त्या वर्षी अख्खं गाव जमलं. पुढे पुढे सरदाराच्या भिडेने सगळं गावच कुजबुजायला लागलं. भांडणंसुद्धा कुजबुजत होत, आणि तशी भांडणं फार वेळ टिकत नाहीत.

एका माणसाला मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. रंगराव पाटील. सरदाराला कुरवाळायला म्हणून ते एकदा ओसरीवर गेले होते, तेव्हा सरदार त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चावला होता. तेव्हापासून पाटील जोडा काढत नसत.

आता खडकोशी आणि शेजारची पिंपोशी यांच्यामध्ये एक माळ आहे आणि माळावर एक झरा आहे. उन्हाळ्यात सगळे आटले तरी तो वाहतो. तो कोणाचा, हे दर बारा वर्षांनी आवाजावर ठरे. चैत्री पौर्णिमेला सकाळी दोन्ही गावचे दवंडीवाले आपापल्या मारुतीपुढे उभे राहत. आपापल्या गावचा पाटील तिथून माळावर चालत जाई. दवंडीवाल्याने हुकूम सोडायचा, पाटलाने तो पाळायचा. बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. ऐकू येईनासं झालं की तिथे काठी रोवायची. ज्याची काठी लांबवर, झरा त्याचा. बारा वर्षांतून एक दिवस पाटलाने दवंडीवाल्याचं ऐकायचं, म्हणून लोक ही पौर्णिमा बोटावर मोजत. मागच्या खेपेला हैबतीच्या आवाजाने झरा खडकोशीला मिळाला होता.

पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली तेव्हा पाटील हैबतीच्या दारात आले.

"त्या सशाला कुठंतरी धाड," ते म्हणाले. "झरा गेला तर बायकांनी दोन कोसांवरनं पाणी आणायचं का?"

हैबतीने तेही करून पाहिलं. सरदाराला बहिणीच्या गावी ठेवलं. सरदाराने दिवसभर तोंडात काडी घेतली नाही, भाच्याला दोन थोबाडीत दिल्या आणि संध्याकाळी मान टाकली. एवढासा जीव, उपाशी किती तग धरणार? हैबती धावत जाऊन त्याला परत घेऊन आला. शिवाय हैबती ओरडला की आवाज तीन कोस जायचा. सरदाराला लपवणार तरी कुठे?

"तुम्ही वरडा," ठकूबाई म्हणाली. "गावाचं पाणी हाय. पर एक सांगते, तीस वर्षांनी तुमचं बोलणं माझ्या कानाला गोड लागाया लागलंय. सरदार गेला तर त्येबी जाईल."

हैबतीला रडू आलं. तेही त्याने हळूच रडून घेतलं.

पौर्णिमा उजाडली. पिंपोशीचा दवंडीवाला भोरू छाती फुगवून उभा राहिला. इकडे हैबती, मुंडाशात सरदार. रंगराव पाटील शंभर पावलं जाऊन थांबले आणि मागे वळले. सगळ्या गावाने श्वास रोखला. हैबतीने तोंड उघडलं, छातीत वारा भरून घेतला, आणि त्याला मुंडाशातलं ते इवलंसं काळीज धडधडताना जाणवलं. त्याच्याने ओरडवेना. वारा तसाच निघून गेला आणि तोंडून नुसती कुजबुज आली.

"पाटील, माफी करा. बसा जरा."

आणि पाटील बसले!

आधी कोणालाच उमगेना. अहो, तीन वर्षं कुजबूज ऐकून ऐकून खडकोशीकरांचे कान सुईसारखे झाले होते. "उठा," हैबती पुटपुटला. पाटील उठले. "चला फुडं." पाटील चालले. पाचशे पावलं, हजार पावलं. वारा पडला, पाखरं गप्प झाली, मुंग्यांनी चालायचं थांबवलं, असं म्हणतात. पाटील झऱ्यापाशी पोचले, झरा ओलांडून पुढे गेले, अगदी पागोट्याच्या ठिपक्याएवढे दिसायला लागले.

"पाटील," हैबती म्हणाला, "अंगठा कसा हाय?"

तिकडे त्या ठिपक्याने रागारागाने जोडा काढला आणि पाय उंच करून दाखवला.

आणि पिंपोशी? भोरू तर असा गरजत होता की मारुतीचा शेंदूर उडावा. पण जन्मभर त्याचं ओरडणं ऐकून त्यांच्या पाटलाच्या कानात काही उरलंच नव्हतं. "बस!" भोरू ओरडे, आणि ते विहिरीपाशी उभे राहून म्हणत, "आँ?" तिथेच त्यांची काठी रोवली गेली.

झरा खडकोशीला मिळाला. सरदाराने डफावर तीनदा पाय आपटले. रंगराव पाटील परत आले, आपण होऊन सरदारापुढे बसले आणि त्यांनी अंगठा पुढे केला. सरदार चावला. पाटील पहिल्यांदाच हसले.

सरदार आणखी सात वर्षं जगला आणि एका दुपारी, उन्हात हैबतीच्या मांडीवर, झोपेतच गेला. गावकऱ्यांनी कान झाकून घेतले. त्यांना वाटलं, आता साठवलेलं सगळं बाहेर येणार, डोंगर ढासळणार. पण हैबती उठला, रिकामं मुंडासं नीट बांधलं आणि दारोदार गेला. प्रत्येक उंबऱ्यावर त्याने तीनदा पाय आपटला आणि एकेकाच्या कानात सांगितलं, "आपला सरदार गेला."

आजही खडकोशीत चैत्री पौर्णिमेला सकाळी सगळे कुजबुजतात. असेल तो पाटील झऱ्यावर जोडा काढून अंगठा पुढे करून बसतो, शेजारी हरभऱ्याची जुडी ठेवतात. लाउडस्पीकर आहे, पण त्यात चिमण्यांनी घरटं केलंय. आणि गावात कोणी जन्मलं किंवा गेलं, तर अजून दारात तीनदा पाय वाजतो आणि कोणीतरी आत येऊन हळूच कानात सांगतं. ऐकणाऱ्याला अजूनही वाटतं, हे फक्त मलाच सांगितलंय.