मागच्या दाराचा सूर्य

माणदेशातल्या एका गावात एक भोळा गिरणीवाला राहायचा. नाव गुणाजी. एकदा एक बाई दळणाचा डबा ठेवून म्हणाली, "डब्याकडे बघा हं जरा, मी आलेच." बाईला वाटेत पाहुणे भेटले, ती आली दुसऱ्या दिवशी. गुणाजी डब्याकडे बघत बसलेला. डोळे लाल. डब्यात गहू तसेच. बाई चिडली, तर म्हणाला, "दळायला कुठं सांगितलं होतं?"

सांगितलेलं तो कधी विसरत नसे. हीच तर पंचाईत होती.

त्याची बायको कुमुद. शहाणी, हसरी, आणि लग्नापासून अकरा वर्षं एकाच गोष्टीसाठी झुरणारी. तिला समुद्रात सूर्य बुडताना बघायचा होता. चौथीच्या पुस्तकात तसं चित्र होतं. अर्धा सूर्य पाण्यावर, अर्धा पाण्यात. त्यांच्या गावात सूर्य रोज पाण्याच्या टाकीमागे जायचा, आणि टाकीत पाणी नसायचं. नवऱ्याशेजारी बसून, शेंगा खात, सूर्य एकदा बुडताना बघायचा. बस, एवढंच.

त्या वर्षी मे महिन्यात गिरणीचा पट्टा तुटला. नवा यायला आठवडा लागणार होता. कुमुदने शेंगा भाजल्या, पिशवी भरली, उन्हासाठी छत्री घेतली आणि नवऱ्याला एसटीत बसवलं. अलिबाग, गुहागर, रत्नागिरी, वेंगुर्ला. चार गावं, चार संध्याकाळी. चारांतली एक तरी हाती लागेल, असा तिचा हिशोब होता.

अलिबागला ती दोघं साडेपाचला पोचली. किनाऱ्याजवळच्या हॉटेलात कुमुद तोंड धुवायला आत गेली. जाताना "आलेच" म्हणाली. थांबा म्हणाली नाही. म्हणून गुणाजी थांबला नाही. समोरून एक घोडागाडी चालली होती, तो तिच्या मागून चालायला लागला. कुमुद बाहेर आली तर नवरा गायब. परक्या गावात, एवढ्या गर्दीत. तिने शहाळेवाल्यांना विचारलं, भेळवाल्यांना विचारलं, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसांची तोंडं निरखली. सापडला तेव्हा किनाऱ्यावरचे दिवे लागले होते आणि घोडाही सोडून ठेवला होता.

कुमुदने धाप ओसरेपर्यंत वाट बघितली. मग बजावलं, "माणूस ज्या दारानं आत जातो, त्याच दारानं बाहेर येतो. दारासमोर बसायचं. हलायचं नाही."

गुणाजीने मान हलवली. लक्षात ठेवलं.

गुहागरला ती दोघं खोली भाड्याने देणाऱ्या ओककाकांकडे उतरली. तिथली घरं लांबलचक असतात. पुढचं दार रस्त्यावर, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला फाटक आणि फाटकापलीकडे समुद्र. काका म्हणाले, चला, तुम्हाला आमच्या वाडीतूनच नेतो, किल्ली घेतो फाटकाची. असं म्हणून ते पुढच्या दाराने आत गेले. कुमुद खोलीत साडी बदलत होती. काका निघाले की मला हाक मारा, एवढं तिने नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

गुणाजी पुढच्या दारासमोर बसला. हलला नाही.

काका किल्ली घेऊन मागच्या दाराने वाडीत उतरले, फाटक उघडून उभे राहिले. इकडे कुमुदने वेणी घातली. सोडली. पुन्हा घातली. खिडकीतलं आभाळ तांबडं झालं, मग जांभळं झालं, मग दिसेना. शेवटी काकाच घराला वळसा घालून पुढे आले.

"अहो, मी तिकडे तासभर डासांना जेवण घालतोय, आणि तुम्ही इथे बसलात?"

"तुम्ही या दारानं आत गेलात," गुणाजी म्हणाला. "बाहेर का नाही आलात?"

"आलो की. मागच्या दाराने."

गुणाजीला ही फसवणूक वाटली, पण वयाने मोठ्या माणसाला बोलायचं कसं, म्हणून गप्प राहिला. कुमुदने कपाळाला हात लावला. "माणूस येत नाही असं दिसलं, की बसून राहायचं नाही. सरळ आत शिरायचं आणि जोरात हाका मारायच्या."

गुणाजीने मान हलवली. लक्षात ठेवलं.

रत्नागिरीला पोचले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. कोकणात त्या वेळी माणूस झोपलेला असतो. कुत्रं झोपलेलं असतं. दुकानाचं फळकूटसुद्धा डोळे मिटून असतं. इंदूताई सावंतांच्या घरी राहायचं ठरलं होतं. दार नुसतं लोटलेलं. चारपर्यंत पायरीवरच बसू म्हणून कुमुद नळावर बाटली भरायला गेली.

गुणाजीने दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं. तो सरळ आत शिरला आणि जोरात हाका मारायला लागला. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे गळा दणदणीत. आत इंदूताईंचा आठ महिन्यांचा नातू होता. दात येत होते, दोन रात्री घर जागं होतं, आणि पोराचा नुकता कुठे डोळा लागला होता.

कुमुद बाटली घेऊन आली, तर इंदूताई दारात. त्यांनी रडतं पोर तिच्या खांद्यावर ठेवलं. "तुमच्या ह्यांनी उठवलंय. आता तुम्हीच निजवा."

पोर झोपलं सव्वासातला. सूर्य त्याच्या आधीच गेला होता. पोर रात्री पुन्हा उठलं, आणि आता त्याला कुमुदच हवी होती.

निघताना इंदूताईंनी गुणाजीला समोर उभं केलं. "ऐका, भाऊ. निजलेल्या माणसाला उठवायचं नाही. कितीही घाई असू दे. डोळ्यावर ऊन येत असेल तर आडोसा धरायचा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

गुणाजीने मान हलवली.

राहिलं वेंगुर्ला. शेवटची संध्याकाळ. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, दिवसातून एकच. कुमुदने या वेळी काहीच शिल्लक ठेवलं नाही. घर नको, दार नको, काका नकोत. चार वाजताच दोघं वाळूवर जाऊन बसली. मध्ये शेंगांची पुडी. समोर नुसता समुद्र. वारा सुटला होता, रात्रभरचं जागरण होतं. साडेपाचला कुमुदची मान गुणाजीच्या खांद्यावर कलली आणि तिला झोप लागली.

गुणाजी खूश झाला. आता काय करायचं हे त्याला नेमकं माहीत होतं.

ऊन तिच्या डोळ्यांवर आलं तशी त्याने छत्री उघडून आडवी धरली. पोरं ओरडत आली, त्याने तोंडावर बोट ठेवून त्यांना पिटाळलं. शहाळेवाला जवळ येऊन कुजबुजला, "वहिनींना उठवा की. बघा, काय दिसतंय." गुणाजीने नकाराची मान हलवली. सूर्य पाण्याला टेकला. अर्धा वर राहिला, अर्धा आत गेला. गुणाजीने तो नीट बघून घेतला, म्हणजे मागाहून तिला सांगता येईल. मग तो सगळाच आत गेला.

कुमुद जागी झाली तेव्हा समुद्र काळा होता.

"अगदी तुझ्या पुस्तकातल्यासारखा होता बघ," गुणाजी म्हणाला. "मी आवाजसुद्धा केला नाही."

ती भांडली नाही. तिने शेंगांची पुडी बांधली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला. सकाळी लवकर उठायचंय."

अकरा वर्षांत गुणाजीने तिला डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. काहीतरी करायलाच हवं होतं. त्याने या प्रवासात मिळालेली शिकवण एक एक करून आठवली, आणि सगळं सोपं झालं.

पाचला तो लॉजच्या खोलीत उठला. कुमुद झोपेत होती, म्हणून उठवली नाही. खिडकीत छत्री अडकवून आडोसा केला आणि एकटाच किनाऱ्यावर गेला. सूर्य जिथून आत गेला होता, बरोबर त्या जागेसमोर बसला. हलला नाही. बराच वेळ गेला. उजाडायला लागलं, म्हणजे आत तो उठलेला दिसत होता. पण येत नव्हता.

मग गुणाजी सरळ आत शिरला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि हाका मारायला लागला. "अहो, या बाहेर. आमची मंडळी थांबलीत. सहाची गाडी आहे."

रापणीचं जाळं ओढणारे कोळी थांबले. त्यातला एक म्हातारा पुढे आला. "पावण्यानू, कोणाक साद घालतास?"

"सूर्याला."

"तो खंय गेलो?"

"काल इथनंच आत गेला. मी बघत होतो."

म्हाताऱ्याने बोटाने मागे दाखवलं.

तेवढ्यात कुमुद धावत आली. छत्रीमुळे खोलीत उजेडच शिरला नव्हता. गाडी कधीच गेली होती. अनवाणी पाय, केस मोकळे, आणि नवरा पाण्यात. गुणाजी वळला. माडांच्या वर सूर्य आला होता. गुणाजीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हा पण ओककाकांसारखाच निघाला," तो म्हणाला.

कुमुदने तोंड उघडलं ते रागवायलाच. मग तिच्या लक्षात आलं. गाडी गेली, म्हणजे पुढची उद्या सहाला. म्हणजे आज इथेच. म्हणजे आणखी एक संध्याकाळ. ती ओल्या वाळूत बसली आणि हसत सुटली. कोळीही हसले. हे सगळे का हसतात म्हणून गुणाजी बघत राहिला.

त्या दुपारी कुमुद कोकणातल्यासारखी पोटभर झोपली. साडेसहाला दोघं वाळूवर आली. सूर्य लाल झाला, खाली आला, पाण्याला टेकला. अर्धा वर, अर्धा आत. समुद्रावर नुसता गुलाल. तिने न बघताच शेजारचा हात धरला. हात जागेवर होता, पण उलटा लागला. तिने वळून पाहिलं. गुणाजी समुद्राकडे पाठ करून बसला होता, डोळे माडांवर रोखून.

"अहो, इकडे बघा ना. चालला तो."

"तू तुझं दार बघ," गुणाजी म्हणाला. "मागचं मी धरलंय."

सूर्य गेला. कुमुदने तो शेवटच्या ठिपक्यापर्यंत बघितला, मग टरफलं झाडून उठली आणि म्हणाली, चला, जेवायला जाऊ, पहाटे गाडी आहे.

गुणाजी हलला नाही. "तू जेवून ये. तो बाहेर आला की लगेच निघू."

गाडी सहाची होती. सूर्य सहा वाजून पाच मिनिटांनी यायचा होता.